भोंग्यावरचं नाव

मी राहते ते गाव वारज्याच्या पलीकडे, नदी ओलांडली की लागतं. कागदावर ते आता पुणे शहर आहे. पण बातमी अजून गावासारखीच कळते, म्हणजे भोंग्यावरून. एक भोंगा देवळावर आहे आणि दुसरा पाण्याच्या टाकीवर. दोन्हींचं मशीन एकच, तरी आमच्या खोलीतून ऐकलं की देवळाचा आवाज आधी पोचतो आणि टाकीचा मागून. "टँकर आला आहे" हे एकदा जवळून ऐकू येतं आणि मग तेच कुणीतरी लांबून, डोंगराच्या बाजूने, जरा दबून पुन्हा म्हणतं. आम्ही वाशीमकडून इथे नवीन आलो तेव्हा मला वाटायचं, ही दोन माणसं आहेत आणि दुसरा पहिल्याची नक्कल करतो.

माणूस एकच होता, आमचे घरमालक. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांच्या घराच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यात शेवटची आमची. वडील जवळच्या टॉवरवर वॉचमन आहेत, आई त्याच टॉवरमध्ये एका घरी स्वयंपाक करते आणि मी बी.कॉम.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणूनच असेल, मोबाईलमधलं काही अडलं की आबा माझ्याकडे यायचे. मला मोबाईलमधलं सगळं येतं असं त्यांना वाटायचं आणि ते खोडून काढायचा धीर मला कधी झाला नाही.

लाइट जाणार, लस द्यायला नर्स आली आहे, कुणाची शेळी हरवली आहे, हे सगळं आबा सांगत. कुणी वारलं तर तेही. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक शब्दानंतर ते थोडे थांबत, कारण टाकीवरून मागून येणारा आपलाच शब्द त्यांना आधी संपू द्यायचा असायचा. त्या थांबण्यामुळे साधी टँकरची बातमीसुद्धा काहीतरी गंभीर घडल्यासारखी वाटायची.

मग त्यांचा घसा बसला आणि तो बरा होणारा नव्हता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी घरात कुणाला नीट सांगितलं नाही. मला मात्र एका दुपारी येऊन म्हणाले, "आवाज हाय तोवर भरून ठेवू. तू तुकडं कर."

आम्ही रेकॉर्डिंग आमच्या खोलीत करायचो, कारण दुपारी तिथे शांत असायचं. आधी रोजची वाक्यं झाली, टँकरची, लाइटची. ती मी देवळातल्या मोबाईलवर टाकून दिली. तो मोबाईल गुरवांकडे असतो. मग आबा निधनाच्या बातमीकडे वळले. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आपल्या गावातील." इथे तुकडा. "यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले आहे." इथे तुकडा. "अल्पशा आजाराने" वेगळं, "अपघाती" वेगळं. "अंत्ययात्रा राहत्या घरापासून निघेल" वेगळं. मला वाटलं, संपलं. पण आबा घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सगळी जिवंत माणसं. त्यांतली कित्येक मला सकाळी दुधाच्या रांगेत भेटलेली असायची.

"आबा, नावं कशाला आत्तापासून?" मी घाबरत विचारलं.

"बाकी वाक्य तेच असतंय गं. नाव तेवढं बदलतं. मी नसल्यावर नाव कोण घेणार? त्यो अध्यक्ष? त्याला धड 'ळ' म्हणता येत नाय."

अध्यक्ष म्हणजे देवस्थान कमिटीचे तरुण अध्यक्ष. प्लॉटिंगचा धंदा करतात आणि वाढदिवसाला सगळ्या चौकांत स्वतःचे फ्लेक्स लावतात.

बायकांच्या नावांशी आबा अडले. नवरा जिवंत असला तर बातमीत 'सौभाग्यवती' म्हणायचं आणि नसला तर 'गंगाभागीरथी'. हा शब्द मी तोवर फक्त पत्रिकांवर, गं. भा. असा वाचला होता. जोडीतलं आधी कोण जाणार हे आबांना कसं माहीत असणार? शेवटी त्यांनी अशा प्रत्येक बाईचं नाव दोनदा घेतलं, एकदा सौभाग्यवती म्हणून, एकदा गंगाभागीरथी म्हणून. "दोन्ही ठेव," ते म्हणाले, "जे लागंल ते लाव." मी ठेवली. ही नावं देवळाच्या मोबाईलवर टाकायची नाहीत, फक्त माझ्याकडे ठेवायची, असं त्यांनी बजावलं होतं. रात्री उशाशी मोबाईल ठेवायला मला नको वाटायला लागलं होतं. मी तो भिंतीतल्या फळीवर ठेवायचे.

गावाला हे कळायचं ते कळलंच. पारावर बसणारे म्हातारे आबांना गाठायचे.

"आबा, माझं घेतलं का?"

"घेतलं."

"मग जरा दाबून ठिवा. आपल्याला घाई नाय."

"माझं खणखणीत घ्या बरं का," दुसरा म्हणायचा. "पोरगं परदेशात हाय. तितवर गेलं पाहिजे."

सगळे हसायचे. पण मी भाजी घेऊन पारावरून जायला लागले की हसणं थांबायचं आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या मोबाईलवर असायची. त्यानंतर दुधाच्या रांगेत दोघीतिघी म्हाताऱ्या माझ्याशी जास्तच गोड बोलायला लागल्या.

शेवटी शेवटी आबांना अंथरुणातून उठता येईना. तेव्हा ते स्वतःच मोबाईलवर बोलून मला पाठवायचे. त्यांतल्या बऱ्याचशा तुकड्यांत नुसता खोकलाच असायचा. मी ते उघडून अर्धवट ऐकायचे आणि तसेच सोडून द्यायचे.

थंडी संपता संपता आबा गेले. सकाळीच अध्यक्षांनी मला देवळात बोलावून घेतलं. भोंग्यावर कोण बोलणार असं मी विचारलं. ते म्हणाले, "आबांनाच बोलू दे की. गावाला सवय आहे. आणि ब्रँड आहे तो आपला."

आबांनी स्वतःचं नाव पहिल्याच दिवशी रेकॉर्ड केलं होतं, माईक तपासायला म्हणून. मी तुकडे जोडले. आजार अल्पसा नव्हता, पण दुसरा तुकडा नव्हता. बटण दाबलं. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आपल्या गावातील." थांबणं. मग त्यांचंच नाव, त्यांच्याच तोंडून, अगदी सहज, कुणी ओळख करून द्यावी तसं. देवळासमोर रिक्षावाले होते, शाळेत निघालेली मुलं होती. सगळे जागच्या जागी थांबले. आणि मग टाकीवरून तेच नाव दुसऱ्यांदा आलं. गुरवांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही कळलं नसावं.

दशक्रियेला नदीकाठच्या घाटावर सगळं गाव होतं. आम्ही भाडेकरूही गेलो होतो. पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर कावळे भरपूर होते, पण खाली एकही येईना. मग नेहमीचं सुरू झालं. मुलगा म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. भाऊ म्हणाला, "बांधाची भांडणं मिटवतो." नाही. अध्यक्ष म्हणाले, "आबा, तुमच्या नावानं कमान बांधू." मागून कुणीतरी पुटपुटलं, "त्याच्यावर तुमचा फोटो नको, मग शिवल."

तेवढ्यात एक कावळा फांदीवरून उतरला आणि वाळूत उभा राहिला. सगळे जरा मागे सरले. आणि गावातून भोंगा लागला. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, टँकर आला आहे. पाणी जपून वापरावे." आबांचा आवाज. गुरव गावातच थांबले होते, टँकर आला म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी रोजच्यासारखं बटण दाबलं होतं. कावळा उडाला. त्याच्या मागे सगळे कावळे उडाले. टाकीवरून दुसऱ्यांदा "पाणी जपून वापरावे" आलं तेव्हा मी आबांच्या बायकोकडे पाहिलं. त्यांना आम्ही आजी म्हणतो. त्यांनी मान त्या बाजूला वळवली होती आणि चेहऱ्यावर रडू नव्हतं. कुणी घरातून हाक मारली की बाई जशी मान वळवते, तशी वळवली होती. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

त्यानंतर आजींनी जेवण सोडल्यासारखंच केलं. रागाने किंवा हट्टाने नाही. ताट समोर आलं की दोन घास खायच्या आणि म्हणायच्या, "बास." भोंगा लागला की हातातलं टाकून मागच्या अंगणात जायच्या आणि टाकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. पहिला आवाज संपेपर्यंत चुळबुळ करायच्या. दुसरा आला की स्थिर.

"पयलं मशीन बोलतं," त्या मला म्हणाल्या. "मागनं बोलत्यात ते हे."

मी म्हणाले, आजी, एकच मशीन आहे, आवाज लांबून यायला वेळ लागतो. नववीत शिकले होते तसं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, लांबनंच येत्यात."

सांगताना संकोच वाटतो, पण त्या दिवसापासून मीही दुसरा आवाज ऐकायला लागले. पहिल्यात नसलेलं एक श्वास घेणं मला दुसऱ्यात ऐकू यायचं. वारा असेल. डोंगराला नवीन इमारतींसाठी खणलंय, तिथून आवाज घुमत असेल. मी मनाला हेच सांगायचे आणि भोंगा लागला की पंखा बंद करायचे.

एके दिवशी आजींनी मला ओट्यावर बसवलं.

"माझं हाय का?"

"काय, आजी?"

"नाव. समद्यांची घेतली म्हनं. माझं घेतलं का त्यांनी?"

त्या हसल्या. "अगं, जलमभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. पोरं झाल्यावर 'पोरांची आई'. लग्नात नाव घ्या म्हणून पोरी आडव्या पडल्या, तर ह्यांनी पेढा तोंडात कोंबला आणि बसले चघळत. तोंडानं कधी नाव घेतलं नाय माझं. पण भोंग्यावर तरी घ्यायलाच लागंल की नाय? तितं 'अगं' म्हणून चालत नाय."

मग हसणं थांबवून, टँकरची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने त्या म्हणाल्या, "ह्यांनी नाव घेतलं की मी निघाले. तेवढ्यासाठीच थांबलेय."

मी त्यांच्यासमोरच शोधलं. त्यांचं नाव, आबांचं नाव, आडनाव. सौभाग्यवतीत नव्हतं. गंगाभागीरथीतही नव्हतं. सगळ्या गावातल्या बायका होत्या, त्या तेवढ्या नव्हत्या. "नाही हो आजी," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. "असंल. नीट बघ," म्हणाल्या.

त्यांचा मुलगा कंपनीची कॅब चालवतो. तो मला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "ताई, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. आईचं वजन मात्र उतरतंय. तिला ते क्लिपबिप काही ऐकवू नका, प्लीज." घरी आईला सांगितलं तर ती चिडली. "तू काऊन ह्या मेलेल्यांच्या नादी लागली? टाक डिलीट करून समदं." मीही तेच ठरवलं होतं. पण डिलीट करायचं तर आधी एकदा ऐकावं, कुणाचं काही महत्त्वाचं जायला नको, असं वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसमध्ये इअरफोन लावून मी आबांनी अंथरुणातून पाठवलेले ते खोकल्याचे तुकडे शेवटपर्यंत ऐकायला घेतले.

सगळ्यात शेवटचा लांब होता. सुरुवातीला नुसता खोकला, मग बराच वेळ श्वास. मागे कप ठेवल्याचा आवाज आणि लांबून एका बाईचं बोलणं, "चहा निवतोय." मग आबांचा आवाज, अगदी बारीक पण सुटा. "सौभाग्यवती." थांबले. इतका वेळ थांबले की मला वाटलं, संपलं. मग पुन्हा, "गंगाभागीरथी." आणि एक नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी ते कधी ऐकलं नव्हतं. ते आडनाव आमच्या गावात कुणाचंच नाही.

बसमध्ये उभ्या असलेल्या माणसांच्या गर्दीत मला एकदम गार वाटलं. जिवंतपणी इतक्या कष्टाने आबांनी कुणाच्या तरी मरणाची बातमी तयार करून ठेवली होती आणि ती बाई कोण हे मला माहीत नव्हतं. कदाचित तिलाही माहीत नसेल.

मी ते नाव मोबाईलवर टाईप करून ठेवलं आणि गावात विचारलं. गुरव म्हणाले, "अशी बाई आपल्याकडं नाय." अध्यक्ष म्हणाले, "भाडेकरू असेल. तुमच्याकडची कुणी बघा." भाड्याच्या खोल्यांत विचारलं, तिथेही कुणी नव्हती. मी विचारत फिरते आहे हे बघून पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "पोरी, आता गावात मानसं संपली म्हणून भायेरनं मागवतीस व्हय?" कुणी हसलं नाही.

शेवटी राहिल्या आजी. आबांच्या नात्यातली कुणी असेल तर त्यांना माहीत असणार, एवढंच माझ्या मनात होतं. खरंच एवढंच होतं.

दुपार होती. आजी मागच्या अंगणात पाठमोऱ्या बसून वाळलेले कपडे घड्या करत होत्या. मी दारात उभी राहिले, मोबाईल उघडला आणि चुकायला नको म्हणून ते नाव जरा मोठ्याने, सुटं सुटं वाचलं.

"ओ," आजी म्हणाल्या.

तो त्यांचाच आवाज होता, पण माझ्याहून लहान मुलीचा होता. आमच्याकडे गावी पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, तिसऱ्यांदा हाक आली तरच माणूस समजायचं, असं आई सांगते. तिथे उभं राहून मला ते आठवलं. आजी सावकाश वळल्या. त्यांनाही आपण काय म्हणालो ते आता कळलं होतं.

"हाक कुणी मारली?"

"मी, आजी. हे नाव... हे कोण?"

त्यांनी हातातली घडी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "माझं म्हायेरचं हाय. हितं कुणी घेत नाय. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं दुसरं नाव लिवलं, त्या दिसापासनं ते बंद झालं. घेनारं समदं मेलं." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ते त्यात हाय?"

खोटं बोलावं असं वाटलं. त्यांच्या मुलाने विनवून सांगितलं होतं. पण त्यांनी ओ दिली होती, आणि ओ दिलेल्या माणसाला 'काही नाही' कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही. मी शेजारी बसले, त्यांचं मनगट धरलं आणि आवाज कमी करून लावलं. भोंग्यावर नाही, फक्त आमच्या दोघींत.

खोकला. श्वास. कप. "चहा निवतोय." आपलाच आवाज ऐकून आजी दचकल्या. "सौभाग्यवती." थांबणं. "गंगाभागीरथी." आणि ते नाव.

त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. मी नाडी शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती, कारण मला कुठे धरायचं तेच येत नव्हतं.

"परत लाव."

मी लावलं. पुन्हा म्हणाल्या तेव्हाही लावलं. मग त्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत बोलायला लागल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांना आबांविषयी एकेरीत बोलताना ऐकलं.

"सौभाग्यवती म्हणाया घेतलं आन् थांबला बघ. म्हाईत होतं त्याला. मी तिकडं चहा निवतोय म्हणतेय, आन् ह्यो हितं माझं कुंकू पुसतोय." त्यांचा आवाज रागाने चढला. "आन् नाव घेतलं ते कंचं? त्यानं दिल्यालं नाय. माझ्या बाचं."

मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या होत्या, नाव घेतलं की निघाले. अंगणात उन्हात टॉवेल वाळत होते, लांब कुठेतरी जेसीबी चालू होता आणि माझ्या शेजारी बसलेलं माणूस कोणत्याही क्षणी नसेल असं मला खरोखर वाटत होतं. आजींनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मी हाक मारणार होते, पण कोणत्या नावाने मारायची ते कळेना.

मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पर हे भोंग्यावर लावलं तर गावाला काय कळनार?"

"काय, आजी?"

"कोन मेलं ते! समदे म्हनतील, ही कोन बाई? तूच नाय का इचारत फिरलीस? कुनी मातीला येनार नाय. तिरडी उचलाया चार मानसं यायची न्हाईत." त्यांनी डोळे उघडले. "बग, मरायची सोयबी ठेवली नाय मला."

मी म्हणाले, आपण दुसरं नाव लावू, मी म्हणेन भोंग्यावर. त्यांनी जोरात मान हलवली. "त्यानं घेतलंय तेच लावायचं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, घरात गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "भाकरी हाय का? वाढ."

दुसऱ्या दिवसापासून आजी गावाला स्वतःचं नाव सांगायला लागल्या. टँकरच्या रांगेत, किराणाच्या दुकानात, भजनाच्या बायकांत. भाजीवालीने "आजी, मेथी?" म्हटलं की आधी ते नाव सांगायचं, मग मेथीचं बोलायचं.

"नवीन आधार काढलं का काय आजी?" भाजीवाली हसली.

"जुनंच हाय. म्हणून दाखव."

भाजीवालीने म्हणून दाखवलं. आडनावात चुकली, ते आजींनी दुरुस्त करून घेतलं.

"ध्यानात ठेव हां," त्या म्हणाल्या. "लागंल."

भाजीवालीचा हात वजनावरच थांबला. भजनातल्या बायकांचंही तसंच झालं. आधी हसल्या, स्वतःची माहेरची नावं आठवून सांगायला लागल्या, आणि 'लागंल' ऐकल्यावर शांत झाल्या. पण नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. असलं कसं विसरणार?

आता आजी दोन्ही वेळा जेवतात. मुलगा मला भेटला की दुवा देतो, त्याला वाटतं मी त्यांना काहीतरी समजावलं. भोंगा लागला तरी त्या मागच्या अंगणात जात नाहीत, कारण त्या बहुतेक वेळा घरीच नसतात. बरेचदा मला सोबत नेतात. मीही जाते, आणि एक गोष्ट मला कुणाला सांगता येत नाही. एकेक माणूस ते नाव पाठ करतं तेव्हा मला वाटतं, आम्ही दोघी मिळून गावाला तयार करतोय. ज्या दिवशी सगळ्यांना माहीत होईल त्या दिवशी काही अडणार नाही. आजींच्या अंगात त्यामुळेच बळ आलं आहे आणि त्या दिवसागणिक त्याच दिशेने चालल्या आहेत, हसत, पिशवी घेऊन.

काल संध्याकाळी पारावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "झालं का गं आता समद्यांना?"

पारावरचे सगळे म्हातारे त्या नावाने त्यांना चिडवत होते. झालंच होतं. मी वर बघितलं. टॉवरवर दिवे लागत होते. एका बाल्कनीत नवीन आलेलं कुटुंब खोकी उघडत होतं. त्याच्या मागे दुसरा टॉवर अर्धा उभा होता.

"कुठे, आजी," मी म्हणाले. "टॉवरमध्ये तर कुणालाच माहीत नाही. आणि तिथे रोज नवीन लोक येतात."

त्यांनी मान वर करून मजले बघितले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"लई हायेत गं."

"खूप आहेत."

"तुझा बाप तितंच ना? चल मग."

गेटवर वडील ड्युटीवर होते. आजींना बघून ते खुर्चीतून उठले. मालकीण आणि इथे, त्यांना काही कळेना. नियमाप्रमाणे पाहुण्याचं नाव वर इंटरकॉमवर सांगावं लागतं, ते अवघडून म्हणाले. आजी म्हणाल्या, मग तेच तर पाहिजे. आई जिथे स्वयंपाक करते त्या घराचा नंबर वडिलांनी लावला. पलीकडून एका बाईने विचारलं, "हां, कौन आया है?"

वडिलांनी रिसीव्हर तोंडाशी धरला आणि आजींकडे पाहिलं. आजींनी पदर नीट केला आणि नाव सांगितलं. वडिलांनी ते जसंच्या तसं, सुटं सुटं, वर सांगितलं.

"कौन?" ती बाई म्हणाली. "फिर से बोलना."